घरात कोण परकं आहे?

आमच्या सांगवीच्या घरी संगणक एकच. बैठकीच्या खोलीत, फोनच्या जुन्या तिवईवर. माझ्या प्रश्नपत्रिका, सौभाग्यवतींच्या शिकवणीचे हिशेब, चिरंजीवांचे खेळ, सारं त्याच्याच पोटात. परवलीचा शब्दही सर्वांत मिळून एक, आणि तो दिनदर्शिकेच्या मागं लिहिलेला. घरात कोण परकं आहे, हा आमचा बाणा!

गेल्या चैत्रात एका भाच्यानं कुठूनसा फुकटचा खेळ उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी एकही फाइल उघडेना. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी! आईच्या तोंडून लिहून घेतलेल्या जात्यावरच्या दोनशे ओव्या आत अडकल्या. नक्कल होती म्हणा. पण सौभाग्यवतींच्या लॅपटॉपवर, घरच्याच वायफायवरून सर्वांना मोकळ्या ठेवलेल्या फोल्डरात. तिलाही कुलूप. दोन बिऱ्हाडांमधलं दार आपणच सताड उघडं टाकावं आणि चोर पलीकडे कसा गेला म्हणून विचारावं, त्यातली गत.

भाच्याला काय बोलणार? त्याला वेगळं खातं दिलं असतं, तर उपद्रव बहुधा त्याच्याच फायलींपुरता राहता. आमच्याकडे येईल तो यंत्राचा मालक!

जोडलेल्या यंत्रांचं हे दुखणं थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. नदी ओलांडून औंधावरून पुढं गेलं, की गणेशखिंड रस्त्यावर कॉसमॉस बँकेचं मुख्य कार्यालय लागतं. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेला, तिचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तिजोरीला कुणी हात लावला नाही. एटीएम विचारी, ‘पैसे देऊ का?’ तो प्रश्न बँकेच्या हिशेबापर्यंत पोहोचेचना. चोरट्यांनी मध्येच बसवलेलं सोंग ‘द्या’ म्हणून मोकळं होई. २८ देशांत नोटा निघाल्या.

खंडणी आम्ही दिली नाही. यंत्र पुसून नवं केलं. आता चौघांना चार खाती. मालकीचं खातं निराळं, ते नवा प्रोग्रॅम घालण्यापुरतंच उघडायचं. नकलेची डिस्क रविवारी जोडायची आणि काम होताच काढून कपाटात ठेवायची. ‘‘म्हणजे आता बायकोपासूनही कुलूप?’’ सौभाग्यवतींनी विचारलं. दोन दिवस चहा जरा गारच मिळाला.

आई सत्त्याहत्तरची. ती पुन्हा सांगायला बसली आहे. दिवाळीपर्यंत साठेक ओव्या झाल्या. काही तिला आठवत नाहीत, काहींतले शब्द बदलल्यासारखे वाटतात. पण पडताळून पाहायला माझ्याजवळ आता काही नाही.