‘रन’ म्हणजे फक्त धावणे?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने तिला मागे टाकले, या एका क्रियापदाचे अर्थच ६०० च्या वर भरले. मग इंग्रजीच्या श्रीमंतीचे गोडवे सुरू झाले. पण हा कोश शतकांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही जपतो आणि बारीकशी छटाही वेगळी मोजतो. आपल्याकडेही भूक लागते, नोकरी लागते, बोट लागते, दिवा लागतो आणि प्रसंगी वाटही लागते. त्याच चिकाटीने मोजले तर ‘लागणे’ही मागे राहणार नाही.

पण शब्दाला एकच अर्थ असतो असे मानण्याचा खरा तोटा शाळेत होतो. ‘रन म्हणजे धावणे’ एवढेच घोकलेल्या मुलाला नाक, दुकान, नळ ‘रन’ होताना कोडे पडते. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखाच उभा राहतो! नवख्याला एकच अर्थ सोपा पडतो, हा आक्षेप रास्त आहे, पण तो पहिल्या इयत्तांपुरताच. पाचवीपासून तरी शब्दार्थांच्या याद्या काढून टाकाव्यात आणि एकाच शब्दाची चार-पाच वाक्ये द्यावीत. प्रश्नपत्रिकेतही अर्थ वाक्यातूनच विचारावा.