शेवाळ म्हणजे एरर मेसेज

खाऱ्या पाण्याची टाकी पाळणारे दोघं भेटले की दहा मिनिटांच्या आत एक प्रश्न येतोच: "शेवाळावर काय टाकू रे?" माझं उत्तर ठरलेलं आहे. काहीही टाकू नकोस! आत्ता जे टाकतोयस ते आधी कमी कर.

मंडळी, आपण आठवडाभर ऑफिसात काय करतो? प्रोग्रॅम कोसळला की लॉग वाचतो. एरर दिसू नये म्हणून ती गुपचूप गिळणारा कोड कुणी लिहिला, तर रिव्ह्यूमध्ये त्याची बिनपाण्याने करतो. आणि तेच आपण शनिवारी दुकानातून 'तीन दिवसांत टाकी चकाचक'वाली बाटली घेऊन येतो. वा रे इंजिनिअर!

जरा विचार करा. टाकी म्हणजे बंद खोका. आत गेलेलं फॉस्फेट तुम्ही बाहेर काढल्याशिवाय जात नाही. ते येतं कुठून? मुख्यतः माशांच्या खाण्यातून. शेवाळ ते शोषून वाढतं. औषधाने शेवाळ मेलं की तिथेच कुजतं, आणि फॉस्फेट पुन्हा पाण्यात. म्हणजे पुढच्या पिकाला खत तयार! शिवाय कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. गरम, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. मग रात्री मासे वर येऊन तोंडं उघडतात. तांबं असलेलं औषध असेल तर गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळही गेले. लाल चिकट थर तर शेवाळ नसतोच, ते सायनोबॅक्टेरिया. त्यावरच्या काही औषधांत चक्क एरिथ्रोमायसिन असतं. काच स्वच्छ दिसावी म्हणून घरात अँटिबायोटिक ओतायचं?

यावर हमखास येणारा युक्तिवाद: "पण माझं टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवतं." अहो, दाखवणारच! ते शेवाळाने आधीच खाल्लंय. किट पाण्यातलं मोजतं, शेवाळाच्या पोटातलं नाही.

दुसरा युक्तिवाद: "मी आरओचं पाणी वापरतो." स्वयंपाकघरातलं ना? आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं आरओ न केलेलं पाणी मुद्दाम परत मिसळतात, नाहीतर क्षार घालतात. प्यायला उत्तम, टाकीला नाही. टीडीएस मीटर बुडवून बघा. आकडा शून्याच्या आसपास हवा. तो पन्नास-शंभर आला तर त्यात नेमकं काय विरघळलंय ते मीटर सांगत नाही, पण नायट्रेट आणि सिलिकेट असू शकतं. नव्या टाकीतला तपकिरी थर याच सिलिकेटवर पोसतो.

तिसरा: "मी दर रविवारी १०% पाणी बदलतो." छान. नायट्रेट ४० असेल तर ते ३६ होईल. आणि आठवडाभराच्या खाण्यातून ४ वाढलं की पुन्हा ४०. जन्मभर बादल्या उचला, आकडा तिथेच. खाणं कमी करा, स्किमरचा कप वेळेवर धुवा, मग बादलीला अर्थ आहे.

आणि चरणारे प्राणी? त्यांचं महत्त्व खुद्द समुद्रानेच दाखवलंय. १९८३-८४ साली कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे काळे सी अर्चिन साथीने मेले. जमैकात अतिमासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे आधीच उरले नव्हते, १९८०च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे निम्म्या भागावर प्रवाळ होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते ५ टक्क्यांच्याही खाली गेले आणि जागा घेतली शेवाळाने. तेव्हा टाकीत टर्बो गोगलगायी जरूर ठेवा. पण शंभर आणून, शेवाळ संपल्यावर उपाशी मारू नका. त्या झाडूवाल्या नाहीत, पाळीव प्राणी आहेत.

आता दुसरं टोकही नको. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणायचा हट्ट धरलात तर डायनोफ्लॅजेलेट्स येतात, आणि त्यांच्यापुढे शेवाळ परवडलं म्हणायची पाळी येते. थोडं शेवाळ असणारच. ते हाताने उपटा आणि टाकीबाहेर टाका. त्याच्यासोबत त्याने खाल्लेलं फॉस्फेटही बाहेर जातं. बाटलीला हे कधीच जमणार नाही.

हे सगळं कंटाळवाणं आहे, कबूल. दोन-तीन महिने लागतात. पण आपल्या टाकीतल्या बहुतेक प्रजाती आजही समुद्रातून पकडून आणलेल्या असतात. तो मासा स्वतःहून आपल्या हॉलमध्ये आलेला नाही. त्याच्या पाण्यात प्रयोग करण्याआधी आपला लॉग वाचणं, एवढं तर आपण त्याचं देणं लागतो.

असो. पुढची बाटली घ्यायला निघाल तेव्हा त्या पैशात टीडीएस मीटर घेऊन या. आणि माशांना खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच घाला. तो आशेने काचेपाशी येऊन बघेलच, विरघळू नका!