नुसतं 'छान' म्हणून पोरांचं नुकसान करू नका



रथ होऊन चार दिवस झाले, पण अंगावरचा गुलाल अजून पुरता निघालेला नाही. आपल्या सिद्धनाथाचा रथ म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, गुलाल-खोबऱ्याची उधळण आणि आता हजारो मोबाईल वर केलेले हात. यंदाही फोटोंचा ढीग पडला. त्यातल्या एका फोटोवरून हे लिहितोय.

ओळखीतला एक पोरगा आहे, विशी-बाविशीचा. दुकानात कामाला असतो, फोटोचा नाद आहे. रथाच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यानं मला मोबाईल दाखवला. माझ्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात माझाच फोन. बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, "छान आलाय रे."

पोरगं म्हणालं, "दादा, गेल्या वर्षीबी तुम्ही छानच म्हणाला होता. त्याच्या आदल्या वर्षीबी. मग माझ्यात काय सुधारणा झाली का नाय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण तिन्ही वर्षं मी त्याचा फोटो नीट बघितलाच नव्हता. वीस वर्षं पत्रकारितेत काढलेला माणूस मी, आणि एका पोरानं मला पकडलं.

आपल्याकडं हे असंच चालतं. गाव लहान, रोज तोंडाला तोंड. कुणाला वाईट कशाला वाटू द्या, म्हणून सगळ्यांना 'छान', 'एक नंबर', 'कडक'. नाहीतर मग दुसरं टोक. "कॅमेरा घेऊन फोटोग्राफर होत नसतं" असं चारचौघात हिणवायचं. पहिल्यानं पोरगं आहे तिथंच राहतं, दुसऱ्यानं फोटो काढायचंच सोडतं. दोन्हीत बोलणाऱ्याला कष्ट शून्य, कारण दोघांनीही फोटो बघितलेला नसतो.

तालमीतला वस्ताद आठवा. पोरगं चितपट झालं की तो "छान खेळलास" म्हणत नाही आणि "तुझ्यात काय दम नाय" असंही म्हणत नाही. तो म्हणतो, "डावा पाय कुठं होता तुझा?" आणि परत जोड लावतो. फोटोला तेवढंच पाहिजे. पाय कुठं होता ते सांगा.

म्हणून मी चहा खाली ठेवला, फोन खिशात घातला आणि त्याचा फोटो परत मागितला. आधी विचारलं, "तुला काय दाखवायचं होतं?" म्हणाला, "गर्दी आणि भक्ती." मग मला काय दिसतंय ते सांगितलं. मधोमध रथ, खाली नुसती पाठमोरी डोकी. गुलालानं मोबाईलला रंग कळले नाहीत, पांढरे फेटे गुलाबी आणि रथ करडा झालाय. उन्हात फेट्याच्या सावलीतली तोंडं काळी पडलीत. गर्दी आली होती, भक्ती दिसत नव्हती.

मग डाव्या कोपऱ्यात नजर गेली. अर्धी कापली गेलेली एक बाई होती. रथ दिसावा म्हणून तिनं लेकरू दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेलं. लेकराच्या कपाळावर गुलाल, तोंडाचा आ झालेला. म्हणालो, "तुझा फोटो हा आहे. दोन पावलं डावीकडं सरकला असतास, लेकराच्या तोंडावर बोट ठेवून उजेड धरला असतास, तर तुला पाहिजे ते मिळालं असतं. आणि लेन्स मधनंमधनं मऊ कपड्यानं पुसत जा, गुलाल बसतो."

पोरगं लगेच सांगायला लागलं, "दादा, गर्दी लय होती, मागनं धक्का बसला..." बसला असणारच. पण बघणाऱ्याला धक्का दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त फोटो असतो. ऐकून घेणाऱ्यानं आधी गप्प बसावं, मग एखादा प्रश्न विचारावा. पटेल ते घ्यावं, नाही पटलं तर सोडावं. प्रत्येकाचं ऐकलंच पाहिजे असं नाही.

हे शहाणपण मी फुकट शिकलेलो नाही. २०१९ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती. तिथं मी एका आजीचा फोटो काढला. सुरकुतलेला चेहरा, डोळ्यांवर आडवा हात. छापून आला, खूप कौतुक झालं. मोठ्या हौशेनं अंक घेऊन आजीकडं गेलो. तिनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "लेकरा, मला रडकी केलीस की रं. ऊन लागत हुतं म्हणून हात धरला मी. आन् माझी गाय कुठाय? तिच्यापायी तर हितं आलीया मी."

फोटोत गाय नव्हती. मीच कापली होती. मला 'दुष्काळ' दाखवायचा होता, आणि जी बाई जनावर जगवायला घरदार सोडून छावणीत राहिली होती, तिला मी बिचारी करून टाकलं. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात फोकस, फ्रेम सगळं शिकवलं होतं. फोटोतल्या माणसाला विचारायचं असतं हे आजीनं शिकवलं.

जगातही हे झालंय. १९३६ साली अमेरिकेत डोरोथिया लँग यांनी मंदीच्या काळात एका मजूर आईचा फोटो काढला. 'मायग्रंट मदर' म्हणून तो जगभर गाजला. ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, कोण हे लोकांना कळलं १९७८ साली, आणि तेव्हा कळलं की त्या फोटोबद्दल तिच्या मनात नाराजी होती. बेचाळीस वर्षं तिचं मत सर्वसामान्य लोकांपर्यंत पोचलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हौसेच्या फोटोचं एवढं काय? सांगतो. मोठ्या पेपरांचा फोटोग्राफर तालुक्याच्या गावात रोज येत नसतो. टँकरची रांग, गळकी शाळा, माणगंगेचं पात्र, आठवडा बाजार, हे सगळं आज कोण टिपतंय? हीच पोरं. पन्नास वर्षांनी म्हसवड कसं होतं हे यांच्या फोटोंवरून ठरणार. आणि आज त्याच फोटोवर गावाची तक्रार उभी राहते. खड्ड्याचा फोटो इतका जवळून काढतात की तो म्हसवडचा का मायणीचा कळत नाही. मागं दुकानाची पाटी येऊ द्या, शेजारी माणूस उभा करा, तारीख लिहा. हे कुणी सांगितलंच नाही, तर तक्रार एका मिनिटात उडवून लावता येते.

एकमेकांचे फोटो बघून बोलायची रीत आपल्याकडं काय आजची नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते. दोघंही पेशानं डॉक्टर, म्हणजे फोटोच्या बाबतीत आपल्यासारखेच हौशी. तेव्हा एक फोटो काढायला केवढा खटाटोप होता! आपल्या तर खिशात कॅमेरा आहे.

तर माझं एक म्हणणं आहे. यंदाच्या रथाचे फोटो ताजे आहेत तोवर एक संध्याकाळ बसू. प्रत्येकानं एकच फोटो आणायचा, तोही छापून. मोबाईलवर आपण फोटो बघत नाही, नुसता सरकवतो. टेबलावर मांडू. बोलणाऱ्यानं तीनच गोष्टी सांगायच्या: काय दिसलं, काय आवडलं आणि कशामुळं, आणि पुढच्या वेळी करता येईल अशी एक सुधारणा. 'छान' शब्दाला बंदी. फोटोत जी माणसं आहेत त्यांनाही बोलवायचं, आणि पहिलं बोलायचा मान त्यांचा.

जागा आणि दिवस तुम्ही सुचवा, चहा माझ्याकडं. तो पोरगा येणार आहे, मी विचारलंय. मी आजीचा तो जुना फोटो आणतोय, गाय नसलेला. सुरुवात माझ्यापासनं करा.

चांगभलं.