पडद्यावर दिसते, कानावर पडत नाही

नागपुरात अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून रेकॉर्ड करून देणारे स्वयंसेवक आहेत. त्यांचे काम मोलाचेच. पण चारशे पानांचे पुस्तक नीट वाचायला पंधरा तास सहज लागतात, आणि परीक्षा कुणासाठी थांबत नाही.

कायद्याची अडचण नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सवलत आली. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तक ऐकता येईल अशा रूपात आणायला आता लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. नफा तेवढा कमवायचा नाही. २०१४ मध्ये याच विषयावरच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला.

गाडी अडते ती फाइलपाशी. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर फुकट मिळते, मराठी आणि उर्दूही बोलते. पण ते अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागचा संकेतांक वाचते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पानावर आपल्याला ‘क’ दिसतो. फाइलमध्ये मात्र भलतेच रोमन अक्षर बसलेले असते. ऐकणाऱ्याच्या कानी पडते ती निरर्थक बडबड. उर्दूची पंचाईत याहून मोठी. इनपेजमधून काढलेल्या जुन्या पीडीएफमधला मजकूर धड कॉपीही होत नाही. म्हणजे मोमिनपुऱ्यातल्या अंध उर्दू वाचकाच्या वाट्याला मराठी वाचकापेक्षाही कमी येते.

आता आपल्या संस्था-संघटनांकडे पाहा. शिष्यवृत्तीची मुदत, मतदार नोंदणी, सभेचे निमंत्रण, सगळे रंगीत चित्र बनून व्हॉट्सॲपवर फिरते. चित्रातली अक्षरे ओळखणारी अ‍ॅप्स आहेत, हे खरे. नक्षीदार अक्षरांत आणि नस्तालीकमध्ये ती वारंवार घसरतात, आणि नेमकी तारीखच चुकते. तोच मजकूर चित्राखाली टाइप करायला पाच मिनिटे पुरतात. तेवढेही होत नाही, आणि समान हक्कांची भाषणे मात्र जोरात चालतात.

पुस्तिका छापून घेताना कंपोझरकडून युनिकोड फाइल मागून घ्यावी. जुन्या फाइली बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. जोडाक्षरे आणि रफार मात्र नंतर कुणीतरी तपासावे लागतात. रेकॉर्डिंग करणाऱ्यांचे तास मग जुन्या दुर्मिळ पुस्तकांसाठी, गणितासाठी आणि आकृत्यांसाठी मोकळे होतील. तिथे अजून माणूसच लागतो.