उंच गाडी आणि उंचीची किंमत

सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर आज नजर टाकाल तिकडे उंच मोटारी दिसतात. ‘गाडी घ्यायची तर उंचच घ्यावी, ती दणकट असते, घाटात निर्धास्त असते, पुरातूनही निघते,’ असे लोक सहज बोलतात. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आहे, आणि माझे मत याहून वेगळे आहे. गाडीची उंची फुकट मिळत नाही. तिची किंमत गाडीत बसणारा मोजतो, आणि कधी कधी रस्त्याने पायी चालणाराही मोजतो. हे मत तुम्ही माझ्या शब्दावर मान्य करू नका. आपण गणित मांडून पाहू.

आधी तीन प्रकार समजून घेऊ. पहिला प्रकार जीपच्या घराण्यातला. शिडीसारख्या पोलादी चौकटीवर वरचा सांगाडा बसवलेला असतो आणि गरज पडल्यास चारही चाकांना इंजिनाची शक्ती देता येते. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ पासून जीप जुळवायला सुरुवात केली. टाटांची सुमो १९९४ साली आली, महिंद्रची स्कॉर्पिओ २००२ साली. आज अशा गाड्यांना एसयूव्ही म्हणतात. दुसरा प्रकार स्टेशन वॅगन. ही साध्या मोटारीसारखीच बुटकी, फक्त तिचे छप्पर मागच्या टोकापर्यंत नेलेले असते, त्यामुळे सामानाला भरपूर जागा मिळते. पुण्यात टाटांनी १९९२ साली ‘एस्टेट’ ही अशी गाडी काढली होती. ती आपल्याकडे रुजली नाही. तिसरा प्रकार क्रॉसओव्हर. हिची बांधणी मोटारीची, पण उभारणी आणि तोंडवळा जीपचा. टोयोटाची आरएव्ही-४ १९९४ साली आली, आणि १९९८ साली लेक्सस आरएक्सने याच कल्पनेला आलिशान रूप दिले. आज उंच म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांत इंजिनाची शक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. म्हणजे जीपचे रूप आहे, जीपचे काम नाही.

आता घाटाकडे वळू. गाडी वळणावर असताना ती कलंडेल की नाही हे मुख्यतः दोन मापांवर ठरते. एक, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. दुसरे, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. पहिल्या मापाला दुसऱ्याच्या दुपटीने भागा. येणारा आकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. अमेरिकेची रस्तासुरक्षा संस्था गाड्यांना गुण देताना हाच आकडा वापरते. समजा, एका बुटक्या मोटारीच्या चाकांमधले अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.५५ मीटरवर आहे. आकडा येतो सुमारे १.३६. उंच गाडीत अंतर १.५५ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर धरा. आकडा येतो १.१.

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक सुमारे ०.८ असतो. दोन्ही गाड्यांचा आकडा त्याहून मोठा आहे. म्हणून वेग अति झाला तर सपाट रस्त्यावर त्या आधी घसरतील, कलंडणार नाहीत. पण घसरता घसरता चाक साइडपट्टीच्या मऊ मातीत रुतले किंवा कठड्याच्या दगडाला अडले, की घर्षणाचा हिशेब संपतो आणि स्थिरतेचा आकडा तेवढा उरतो. तेव्हा १.१ ची गाडी १.३६ च्या आधी उलटते. आजच्या गाड्यांत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, तिचा उपयोग मोठा आहे. परंतु गुरुत्वमध्य खाली आणणे काही तिला जमत नाही.

आपल्या भागातली वडापची जीप आठवा. आत दाटीवाटीने माणसे, टपावर पोती आणि ट्रंका, मागच्या फळीवर दोघे-तिघे उभे. अशा जीपचा गुरुत्वमध्य ०.९ मीटरवर गेला आणि चाकांमधले अंतर १.४ मीटर असले, तर आकडा ०.७८ होतो. हा घर्षणांकापेक्षा कमी आहे. म्हणजे ही गाडी घसरण्यापूर्वीच कलंडेल, तीही कशालाही न अडखळता. पसरणी घाटात किंवा कुंभार्ली घाटात टपावर बसू नका असे जे सांगतात, त्यामागे हा भागाकार आहे. नव्या आलिशान गाडीच्या टपावर सहलीचे सामान बांधतानाही तो लागू आहे.

दुसरा समज पुराचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेव्हापासून ‘उंच गाडी असली की पाण्याची भीती नाही’ हे वाक्य अधिकच ऐकू येते. येथे आर्किमिडीजला विचारू. गाडीचा तळ ४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद धरा. क्षेत्रफळ ६.४ चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १० सें.मी. चढले, की गाडी सुमारे ६४० किलोग्रॅम पाणी बाजूला सारते आणि तेवढेच प्लावक बल तिला वर उचलते. १६०० किलोग्रॅमची गाडी २५ सें.मी. पाण्यात तरंगू लागेल. तळ जमिनीपासून २० सें.मी. उंच असेल, तर एकूण खोली झाली ४५ सें.मी., म्हणजे गुडघ्याइतके पाणी! दारांच्या फटींतून पाणी आत शिरते खरे, पण त्याला वेळ लागतो. शिवाय पूर्ण तरंगण्याच्या आधीच टायरवरचा भार आणि त्याबरोबर घर्षण घटते, आणि वाहता लोंढा गाडीला बाजूला ढकलतो. तळ चार बोटे वर उचलल्याने नदीचा हिशेब फारसा बदलत नाही.

तिसरा खर्च हवेचा. उंच आणि रुंद गाडीला ताशी १०० कि.मी. वेगाने हवेचा विरोध बुटक्या वॅगनपेक्षा सहज ४० टक्के जास्त होऊ शकतो. त्यासाठी जास्तीचे इंधन दर प्रवासात जळत राहते, डिकी रिकामी असली तरी.

मला सर्वांत गंभीर वाटतो तो मुद्दा गाडीबाहेरच्या माणसाचा. चालकाचे डोळे १.५ मीटरवर आणि त्याच्यापुढे १.८ मीटर अंतरावर बॉनेटची कड १.१ मीटर उंचीवर असेल, तर समरूप त्रिकोणांनी काढा: कडेपुढची जवळजवळ ५ मीटर जमीन त्याला दिसत नाही. ९० सें.मी. उंचीचे लहान मूल गाडीला चिकटून उभे असेल, तर ते पूर्ण झाकले जाते. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ साली अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेट सुमारे एक मीटरहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता बुटक्या गाड्यांपेक्षा जवळपास ४५ टक्के जास्त आढळली. आपल्याकडे शाळेची मुले उसाच्या ट्रॉल्या आणि मोटारी यांच्यामधून वाट काढत चालतात. त्यांच्यासाठी हा आकडा परदेशातला नाही.

उंच गाडीला काही गुण जरूर आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना तिच्यात बसणे सोपे जाते. पाटण, जावळी तालुक्यांतल्या डोंगरी वाड्यांवर पावसाळ्यात चार चाकांवर चालणारी खरी जीपच कामाची. तेथे तिला पर्याय नाही. माझा आक्षेप आहे तो गावाबाहेर कधी न उतरणाऱ्या, डांबरी रस्त्यावरून कार्यालयात आणि लग्नाला जाणाऱ्या उंच गाडीला. त्या कामाला पाच माणसे आणि भरपूर सामान नेणारी बुटकी गाडी पुरते, आणि ती अधिक स्थिर व काटकसरी असते.

ही आवड रस्त्यांनीच घडवली असेही नाही. अमेरिकेत १९७५ च्या इंधनबचत कायद्याखाली मोटारींना कडक आणि हलक्या ट्रकांना सैल मर्यादा मिळाल्या. स्टेशन वॅगन मोटारीत मोडली, जीप ट्रकात. कारखानदारांनी सोयीची वाट धरली, जाहिरातींनी तिला प्रतिष्ठा दिली, आणि ती फॅशन आपल्या दारापर्यंत आली.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या आवारात बंद उभ्या असलेल्या चार गाड्या घ्या, मालकाची परवानगी घ्या, आणि मुलांच्या हाती टेप द्या. चाकांमधले अंतर, तळाची उंची, बॉनेटची उंची मोजू द्या. तळ्यात गाडी केव्हा तरंगेल आणि बॉनेटपुढे किती जमीन झाकली जाईल, हे फळ्यावर काढू द्या. मग घरी नव्या गाडीची चर्चा निघेल, तेव्हा किंमत आणि रंग यांच्याबरोबर ही मापेही कोणीतरी विचारील. ते विचारणारे तुम्ही असावे, एवढीच इच्छा.