सोंगाडी अक्षरे

चैत्र-वैशाखात येरळेचे पात्र कोरडे पडणे आम्हां वडूजकरांना नवे नाही. त्या दिवसांत आमच्या गल्लीत पाणी तोलूनमापून वापरतात. अशा वेळी मराठीचा एक प्राध्यापक आठवड्यातून दोनदा बादली घेऊन परसात जातो आणि जमिनीतून वीतभर वर आलेल्या लोखंडी नळीच्या तोंडात पाणी ओततो, हे शेजाऱ्यांना खटकणारच. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी अखेर विचारलेच,

"सर, तिथं तुळस न्हाई, झाड न्हाई. पाणी कुणाला घालताय?"

"कॉम्प्युटरला," मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी उत्तरपत्रिका तपासताना वापरतो.

वाचकहो, मला संगणकाची यंत्रे जुळवण्याचा नाद आहे. कुणाला पानाचा असतो, कुणाला पत्त्यांचा असतो, तसा हा. आमचे घर आजोबांच्या वेळचे. दगडमातीच्या हात-दीड हात रुंद भिंती. उन्हाळ्यात घर गार राहते, पण इंटरनेटच्या लहरी माजघराच्या उंबऱ्याशीच थबकतात. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकणाऱ्या, 2.4 गिगाहर्ट्झच्या जरा सावकाश, पण आत शिरणाऱ्या. मी दुसऱ्या प्रकाराची निवड केली आणि राउटर माजघरातल्या देवळीत नेऊन ठेवला. जिथे आजी पणती लावायची, तिथे आता हिरवा दिवा लुकलुकतो. आई जाता-येता त्याला हात जोडते, असा सौ.चा आरोप आहे.

एके दिवशी सौ. संगणकाची पेटी पुसताना किंचाळली. "अहो, तुमचं यंत्र चावतं!" मी हात लावून पाहिला. खरेच, झिणझिण्या आल्या. वायरमनला बोलावले. त्याने भिंतीवरचा बोर्ड उघडला आणि शांतपणे म्हणाला, "सर, हे तिसरं भोक नुसतं शोभेचं हाय. आत तारच न्हाई."

संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात विजेतला गोंगाट गाळणारे लहान लहान कपॅसिटर असतात. त्यांच्यातून झिरपलेली थोडीशी वीज जमिनीत जाण्यासाठी ते तिसरे भोक. तिला वाट मिळाली नाही की ती पेटीच्या पत्र्यावर येऊन बसते. मग परसात मुरुमात आठ फूट खड्डा खणला, नळी उभी केली आणि भोवती लोणारी कोळसा व खडे मीठ यांचे थर दिले. दोन्ही ओल धरून ठेवतात आणि ओली जमीन वीज पोटात घेते. कोरडी माती ते करीत नाही. म्हणून दुष्काळी तालुक्यातल्या संगणकाला पाणी घालावे लागते. अर्थात भांडी विसळलेले!

या पराक्रमाची वार्ता आमच्या कॉलेजच्या ऑफिसात पोचली आणि तिथला नवा संगणक बसवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. प्रिंटर, यूपीएस, तारा, सगळे तासाभरात जागच्या जागी बसले. बसेनात ते भाऊसाहेब. आमचे भाऊसाहेब म्हणजे ऑफिसचे हेडक्लार्क. त्यांची बोटे टाइपरायटरवर तयार झालेली. नव्या इनस्क्रिप्ट कीबोर्डसमोर ते हात मांडीवर ठेवून बसले.

त्यांची अडचण खोटी नव्हती. टाइपरायटर डोळ्याचा चाकर. 'पिशवी' लिहायची तर आधी वेलांटी उठवायची, मग 'प'. कागदावर वेलांटी डावीकडे दिसते ना! इनस्क्रिप्ट मात्र कानाचा चाकर. त्यात आधी 'प' म्हणायचा, मग ऱ्हस्व इकार, जसे तोंड म्हणते तसे. वेलांटी कुठे काढायची ते यंत्र पाहून घेते. मला भाषाशिक्षक म्हणून ही रीत फार आवडली, पण तीस वर्षांची बोटे वर्गात बसवता येत नाहीत. शेवटी जुन्याच जागी कळा ठेवणारा कीबोर्ड त्यांना बसवून दिला. बोटे जुन्या चालीने चालतात, आत साठवण नव्या पद्धतीची होते.

पहिल्याच आठवड्यात स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "आचार्यांना पोळ्यांचे पैसे दिले." मी हसू दाबीत म्हणालो, "भाऊसाहेब, आचार्य पोळ्या लाटायला लागले तर आम्ही काय करायचं?" आचार्याचा 'र्या' आणि आचाऱ्याचा 'ऱ्या' निराळा. मराठीचा हा कोयत्यासारखा वाकडा 'र' लिहायचा तर 'र' नव्हे, नुक्त्याचा 'ऱ' दाबून मग त्याचा पाय मोडावा लागतो. भाऊसाहेबांनी ती कळ शोधून तिच्यावर लाल ठिपका लावला.

इथवर सगळी गंमत होती. पुढची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही.

आमचे आबा प्राथमिक शिक्षक होते. मायणी, कातरखटाव, दहिवडी, म्हसवड, जिथे बदली होईल तिथे ते शब्द टिपून घेत. मोटेचा नाडा, मोट रिकामी होते ते थारोळे, बैल चालतात ती धाव, खळ्याच्या मधोमधचा तिवडा, पाभरीचे चाडे, चिपटे-मापटे, इर्जिक. कोणत्या गावी ऐकला, कुणी म्हटला, कोणत्या कामात, सारे बारीक अक्षरात. अशा सात वह्या भरल्या होत्या.

1999 साली मी कॉलेजात शिकत होतो आणि नुकताच संगणक शिकलो होतो. सुट्टीत मी त्या वह्या एका दुकानातल्या यंत्रावर स्वतः टंकल्या, सगळे शब्द एका फ्लॉपीवर घेतले आणि आबांना ऐटीत म्हणालो, "आबा, आता वह्या कशाला? ही चकती जन्मभर टिकेल." पुढे घर रंगवताना वह्या रद्दीत गेल्या. मीच दिल्या.

चार वर्षांपूर्वी आबांनी विचारले, "शब्द काढतोस का रं बाहेर? एकदा बघावं म्हणतो." फ्लॉपी वाचणारे यंत्र मागवले. चकतीने दगा दिला नाही, फाइल उघडली. पडद्यावर मात्र एकही मराठी अक्षर नव्हते. कंस, टक्क्याच्या खुणा, उद्गारचिन्हे आणि मधूनमधून इंग्रजी अक्षरे. आबा शेजारीच खुर्चीवर बसले होते. काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रद्दीवाल्याची हाक आठवली.

झाले होते ते असे. त्या काळी आपण वापरीत असू त्या फाँटाला एकूण 256 खणांचे कपाट मिळे. खणांवर इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आधीच पडलेले. फाँट करणाऱ्यांनी त्या खणांत देवनागरीचे तुकडे भरले: अर्धा 'क', काना, वेलांटी, रफार. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठत होती ती इंग्रजी अक्षरेच. त्यांनी मराठीचे सोंग घेतले होते. आणि प्रत्येक फाँटाची मांडणी वेगळी. माझा तो फाँट आता कुठेच मिळेना. बहुरूप्याचा पोशाख हरवला आणि तो उघडा पडला.

खरी सोय तेव्हाही झालेली होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण 1991 साली मानक संस्थेने ठरवले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. त्यात देवनागरीला 128 जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. तिथे 'क'चा क्रमांक 2325. जगातल्या कोणत्याही यंत्रावर तो 'क'च. फाँट बदला, पोशाख बदलेल, माणूस तोच. माझ्या दुकानातल्या यंत्रापर्यंत मात्र ती गोष्ट पोचली नव्हती.

सुदैवाने आबांच्या ट्रंकेत त्या वेळी छापून घेतलेली दोन पाने निघाली. ती समोर ठेवून मी कोष्टक मांडायला बसलो. टक्क्याची खूण म्हणजे काय, कंस म्हणजे काय. खुणा जुळल्या तरी क्रम जुळेना. वेलांटी अक्षराच्या आधी साठलेली, ती उचलून मागे न्यायची. रफार 'सूर्य'मध्ये 'य'च्या नंतर साठलेला, तो 'य'च्या आधी आणायचा. आणि दोन पानांत न आलेल्या खुणांचे काय? तिथे अंदाज. चार महिने रात्री जागवल्या. साडेतीन हजारांवर शब्द निघाले.

दिवाळीच्या पहाटे, अभ्यंगस्नान उरकल्यावर, कागदांचा गठ्ठा आबांच्या हाती दिला. त्यांनी भिंग घेतले आणि वाचू लागले. फराळाचे ताट तसेच राहिले. मध्येच थांबून म्हणाले, "अरं, ही कुर्हाड कुठली? आपली कुऱ्हाड अशी नसती." माझ्या कोष्टकाने त्या वाकड्या 'र'चा सगळीकडे रफार केला होता! भाऊसाहेबांना शिकवणारा मी स्वतःच त्यात सापडलो. आबांनी अशा चुका एकामागून एक दाखवल्या. अंदाज चुकलेले शब्दही त्यांनीच ओळखले. ते ओळखणारे दुसरे कुणी आता राहिलेले नाही, हे मला त्या खुर्चीशेजारी उभे असताना कळले. आणखी पाच वर्षे आळस केला असता, तर अक्षरे निघाली असती, शब्द निघाले नसते.

त्या साऱ्या दुरुस्त्या आता युनिकोडात आहेत. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत, एक घरी, एक कॉलेजात, एक पुण्याला बहिणीकडे. आपल्याही कपाटात कुणाच्या जुन्या फायली असतील, तर एवढ्या सुट्टीत उघडून पाहा.

भाऊबीजेच्या दिवशी आबा म्हणाले, "मला एक दोनशे पानी वही आणून दे."

"आबा, तीन प्रती आहेत की."

"असू देत. वहीला फाँट लागत न्हाई."

मी सात आणल्या. सध्या ते तिसरीत आहेत.