तोलून पाहिलेला इतिहास

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांतही वाणिज्याच्या विद्यार्थ्याला आता अन्य शाखेचा एखादा विषय निवडावा लागतो. ‘सोपा असेल तो घे,’ असा सल्ला घरातून मिळाला, तर मोठी संधी वाया जाते.

गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांची वजने त्यांनी बारकाईने अभ्यासली. हातोहात फिरणारे नाणे झिजते व वजनात उतरते, हे प्रत्येक सराफ जाणतो. कोसंबींनी या साध्या अनुभवाला संख्याशास्त्राची जोड दिली आणि नाण्यांचा कालानुक्रम लावण्याची नवी रीत इतिहासाला दिली. एका विद्येत पाय रोवूनच त्यांनी दुसरीचे दार उघडले.

आपल्या जुन्या पेढ्यांतील चोपड्यांत धान्य-कापसाचे भाव, उधारी आणि दुष्काळी वर्षांची उलाढाल नोंदलेली असते. हिशेब जाणणारा विद्यार्थी इतिहास शिकला, तर त्या नोंदींतून या अवर्षणग्रस्त जिल्ह्याचे जीवन उलगडू शकेल. म्हणून सुज्ञ पालकांनी मुलामुलींना दुसरा विषय विचारपूर्वक निवडू द्यावा. आणि तोवर त्या चोपड्या रद्दीत घालू नयेत.